उस्त्याची दुसरी सावली

क्रुताया, ९ एप्रिल १९९४

आई,

माझं अक्षर बघून पाकीट तसंच चुलीत घालायला निघाल्या असाल. घाला, पण आधी वाचा.

ग्लेब घरात नाही. आज अकरा दिवस झाले. उस्त्यालाही घेऊन गेलाय. त्या दिवशी सकाळी म्हणाला, "पोरीची दाढ दुखतेय, दाखवून आणतो." मी कारखान्यात जाळी विणायला गेले. परत आले तर तिचे लोकरी बूट नाहीत, दोन्ही स्वेटर नाहीत, आणि तिचा दम्याचा पंप मात्र खिडकीत तसाच. बापाला बूट आठवले, श्वास आठवला नाही.

ती दोघं तुमच्याकडे आली आहेत का, एवढंच विचारायचं आहे.

तुमचं आणि त्याचं नऊ वर्षांत बोलणं नाही हे मला माहीत आहे. का नाही, ते त्याने कधी सांगितलं नाही. "माझ्या आईचं नाव या घरात काढायचं नाही," एवढंच. पण बुडत्या माणसाला कुठलाही काठ चालतो.

त्याच्या कामाला तुम्ही नावं ठेवता असं ऐकते. एक हिवाळा इथे काढून बघा. डिसेंबरात सूर्य जातो तो जानेवारीत तोंड दाखवतो. त्या चाळीस दिवसांत अंधाराच्या माणसांना रान मोकळं असतं. मागच्या वर्षी आमच्या खालच्या मजल्यावरचा सावेली मेस्त्री सकाळी अंथरुणात सापडला. कातडी जागच्या जागी होती, आत हाडं नव्हती. उजेडाची माणसं नसती तर हे गाव कधीच ओस पडलं असतं. आणि ग्लेब म्हणजे त्यांचे डोळे. अंधाराच्या माणसाला दोन सावल्या असतात, त्या फक्त त्याला दिसतात. तो बोट दाखवतो, बाकीचे त्या माणसाला धुतात. आजवर एकतीस जण दाखवले त्याने. गावातल्या बायका रस्त्यात थांबून मला नमस्कार करतात, त्या उगाच नाही.

उस्त्याच्या छातीत रात्रंदिवस घरघर होत असेल. दोन ओळी लिहा.

तुमची सून,
रिम्मा


वेर्खनी बोर, २० एप्रिल

रिम्मा,

चूल कधीच विझली होती म्हणून तुझं पाकीट वाचलं.

इथे कुणी आलेलं नाही. बर्फ उतरतोय, रस्त्याचा चिखल झालाय, गुडघाभर. पाववाल्याची गाडीसुद्धा दोन आठवडे फिरकली नाही, मग तुझा नवरा काय उडत येणार? नात आठ वर्षांची झाली, मी तिला फोटोत सुद्धा पाहिलेली नाही. आता हरवली तेव्हा आजी आठवली होय तुम्हाला!

मी म्हातारी अडाणी असेन, पण एक समजतं. भर नोकरीतला माणूस, ज्याच्या बायकोला रस्त्यात नमस्कार मिळतात, तो पोर काखोटीला मारून पळतो तेव्हा त्याच्या पाठीमागे काहीतरी लागलेलं असतं. तू मला बूट सांगितलेस, स्वेटर सांगितलेस, पंप सांगितलास. तो पळाला का, ते नाही सांगितलंस.

ते सांग. मग बघू.

पेलागेया


क्रुताया, २ मे

आई,

सांगते. तुमच्यापासून लपवून मला काय मिळणार आहे?

फेब्रुवारीत शाळेत एका पोराने उस्त्याला जिन्यावरून ढकललं. ती रडली नाही. उठली, त्याच्या सावलीवर जाऊन उभी राहिली आणि टाच घासली. तिच्या बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पोरगा त्याच दुपारी तापाने फणफणला. तीन दिवस शुद्धीवर नव्हता. चौथ्या दिवशी उठला तर डावा पाय गेलेला. अजून फरफटतच चालतो. त्याची आई माझ्याच शेजारी बसून जाळी विणते. तिच्या तोंडाकडे मी कसं बघत असेन याचा विचार करा.

त्या संध्याकाळी ग्लेबने उस्त्याला दिव्यापुढे उभं केलं. बराच वेळ भिंतीकडे बघत राहिला. मी विचारलं, "काय दिसतंय?" म्हणाला, "काही नाही, मूल आहे." नऊ वर्षांच्या संसारात तो माझ्याशी पहिल्यांदा खोटं बोलला, आणि मला ते लगेच कळलं.

मार्चच्या शेवटी न राहवून मी वेनियामिन अर्काद्येविचना सांगितलं. ते इथल्या उजेडाच्या माणसांचे वडीलधारे. पूर्वी शाळेत भूमिती शिकवायचे, खिशात नेहमी लिमलेटच्या गोळ्या असतात, आवाज कधी चढत नाही. म्हणाले, "रिम्मा बेटा, लहान मुलांचं धुणं सोपं असतं. सावली कोवळी असते, चटकन निघते. ताप उतरल्यासारखं वाटेल तिला." ते हे म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी ग्लेब पळाला.

तिचं वाईट व्हावं असं मला वाटेल का? मला माझी पोर हवी आहे, पण स्वच्छ. उद्या ती वीस वर्षांची होईल, कुणाच्या सावलीवर उभी राहील, आणि एखाद्या घरात सकाळी कातडी सापडेल. ते मी बघायचं का?

सोबत पार्सल पाठवते आहे. दम्याचे दोन पंप आहेत. मुर्मान्स्कहून जहाजावरच्या एका माणसाकडून मिळवले, इथे दुकानात काहीच मिळत नाही. ती दोघं तुमच्याकडे आली नसतील तर पार्सल परत करा, म्हणजे मी दुसरीकडे शोधायला मोकळी.

रिम्मा


वेर्खनी बोर, १४ मे

रिम्मा,

पार्सल बिर्सल काही आलं नाही. टपालात चोर भरलेत हल्ली. परत काय करू, माझं डोकं?

आता माझं ऐक. तुझ्या त्या भूमितीवाल्याने तुला धुणं सांगितलं. धुतलेलं माणूस दाखवलंय का कधी? जवळून, घरात, रोजचं?

मी पाहिलंय. आमच्या पलीकडच्या गावात झोया नावाची बाई होती. सत्तर साली उत्तरेहून तिचा नवरा तिला घेऊन आला. दिसायला देखणी, कामाला वाघीण, पण धुतलेली. तिला कशाचाच राग येत नसे. नवऱ्याने मारलं तरी हसायची. बाळ झालं. बाळ भुकेने रडत राहायचं आणि ही पाळण्याशेजारी बसून हसत राहायची, कारण तिला त्या रडण्याचं काही लागतच नव्हतं. शेजारणी जाऊन पाजायच्या. एक दिवस शेजारणी गवत कापायला गेल्या. संध्याकाळी आल्या तर बाळ पाळण्यात थंड आणि झोया तशीच बसलेली. तोंडावर तेच हसू. म्हणते, "किती शांत झालंय बघा."

ती कुणाला चावत नव्हती, कुणाचं वाईट चिंतत नव्हती. स्वच्छ होती बाई, स्वच्छ! मडक्यातलं दूधही ओतून दिलं की मडकं स्वच्छच होतं.

पोर तुला कुठे सापडली तर तिला घेऊन दूर जा, आणि राग आला की वीस आकडे मोजायला शिकव. तेवढं पुरतं. मला माहीत आहे.

पेलागेया


क्रुताया, २९ मे

आई,

पार्सल मी नोंदणी करून पाठवलं होतं. पोचपावती काल माझ्या हातात पडली. त्यावर तुमची सही आहे. पत्रांवर जी असते तीच, "प" ला लांब शेपूट असलेली.

ती दोघं तुमच्याकडे आहेत.

मी रागावले नाही. पावती हातात घेऊन जिन्यातच खाली बसले आणि रडले. ती श्वास घेते आहे, तिला कुणीतरी जेवू घालतंय, एवढं कळलं. झोयाची गोष्ट मी तीनदा वाचली. मग वेनियामिन अर्काद्येविचना विचारलं, "धुतलेली माणसं तुम्ही कुठे ठेवता?" त्यांनी माझ्या हातावर गोळी ठेवली आणि विषय बदलला. तेव्हा मला कळायचं ते कळलं.

उजेडाच्या माणसांनी दिलेलं घर मी सोडलं आहे. जाळ्यांच्या कामाचाही राजीनामा दिला. आता मला फक्त माझी माणसं हवी आहेत. ग्लेबला सांगा, रिम्मा चुकली. उस्त्याला सांगा, आई येतेय. मी एकटी येईन, एका पिशवीनिशी. तुम्ही म्हणाल तिथे राहू, जंगलात म्हणाल तर जंगलात.

कसं यायचं तेवढं कळवा.

रिम्मा


वेर्खनी बोर, ८ जून

रिम्मा, पोरी,

मी नको म्हणत होते. ग्लेब म्हणाला, "आई, ती तिची आई आहे." त्याच्या तोंडून "आई" हा शब्द मी नऊ वर्षांनी ऐकला, त्यापुढे माझं काय चालणार?

आहेत दोघं. एप्रिलच्या सात तारखेपासून आहेत. चिखलातून चौदा कोस पोरीला पाठीवर घेऊन आला. उस्त्याची छाती आता बरी आहे, तुझे पंप कामी आले. बकरीचं दूध पिते. चुलीच्या माथ्यावर, उबेच्या ओट्यावर, माझ्याजवळ झोपते. माझ्या खारवलेल्या अळंब्यांचं मडकं तिने एकटीने संपवलंय. तुझं नाव रोज काढते. कोंबड्यांना नावं ठेवलीत, त्यातल्या सगळ्यात लठ्ठ कोंबडीचं नाव रिम्मा. रागावू नकोस, तीच तिची लाडकी आहे.

आता तू घरची होऊन येतेस, तर घरातलं माहीत हवं. सावली तिला माझ्याकडून आली आहे. मीही दोन सावल्यांची. ग्लेबचा बाप, माझा येफिम, प्यायला की हात टाकायचा. एके दिवशी अंगणात मला सहन झालं नाही आणि मी त्याच्या सावलीवर टाच घासली. तो गवताच्या गंजीवरून पडला नि जागच्या जागी गेला. ग्लेब बारा वर्षांचा, दारातच उभा. त्याने दोन्ही सावल्या पाहिल्या. त्याला दिसतात हे मला तेव्हाच कळलं. मोठा झाला आणि उजेडवाल्यांत गेला. पहिलं नाव माझं द्यायचं होतं त्याला. दिलं नाही, नुसतं बोलणं टाकलं.

त्या दिवसापासून मी ती दुसरी सावली अंगात कोंडून ठेवलीय. कुणाच्या सावलीत पाय पडू नये म्हणून बाजारात भिंतीच्या कडेने चालते. उस्त्याला तेच शिकवतेय. शिकतेय. परवा कोंबड्याने चोच मारली तर डोळे मिटून वीस मोजले पोरीने.

आता यायचं कसं ते. शार्या स्टेशनला उतरू नकोस, तिथे लोक बघतात. पुढे जंगलात लाकूड चढवायचा थांबा आहे, गाडी दोन मिनिटं थांबते. तिथून ओढ्याच्या उजव्या काठाने ये, जळक्या बर्च झाडापाशी वाट फुटते, ती थेट माझ्या कुंपणाशी येते. एक ध्यानात ठेव. जूनच्या शेवटी आमच्याकडे रात्र होते न होते. त्या दिवसांत उजेडवाल्यांचं बळ इथेही चालतं आणि माझ्या अंगात मांजराएवढंही त्राण नसतं. म्हणून एकटी ये, आणि मागे वळून बघत ये.

तुझ्यासाठी बेरी भरलेला गोड पाव करीन. ग्लेब म्हणतो तुला आवडतो.

आई


क्रुताया, १७ जुलै

आई,

हे पत्र तुम्हाला पोचतं की नाही कोण जाणे. तुम्ही न्हाणीच्या खोपीतून कशा बाहेर पडलात तेही मला माहीत नाही. दाराला बाहेरून ओंडका लावू नका असं मी बरोबर आणलेल्या उजेडाच्या माणसांना सांगितलं होतं.

मी शपथेवर सांगते, ग्लेबला हात लावणार नाही असं त्यांनी मला वचन दिलं होतं. "तो आमचे डोळे आहे, डोळे कुणी फोडतं का?" असं वेनियामिन अर्काद्येविच म्हणाले होते. पाच जण होते, प्रत्येकाकडे आरसा. ग्लेब दारात आडवा उभा राहिला. मी ओरडले, "नको, नको, त्याला सोडा!" पण पाचही आरसे त्याच्यावर फिरले. तो डोळे मिटेल असं मला वाटलं. मिटले नाहीत. माझ्याकडेच बघत होता. आधी डोळे गेले, मग बाकीचं, कागद जळतो तसं, कडेकडेने.

मला रात्री झोप लागत नाही. इथे तशी रात्रच नाही सध्या.

उस्त्या बरी आहे. आधी ते लिहायला हवं होतं. तिला दीड दिवस तुमच्या कुंपणापलीकडच्या कुरणात निजवलं होतं, पापण्या वर चिकटवून, आभाळाकडे तोंड करून. आता सावली एकच. छातीतली घरघर थांबली, एकदाही पंप लागला नाही. दिलं ते खाते, सांगितलं की झोपते. ज्या पोराचा पाय गेला त्याच्या आईने तिला बाहुली दिली. गल्लीतल्या बायका म्हणतात, किती गोड पोर!

मला "बाई" म्हणते. "बाई, धन्यवाद." मी म्हटलं, "अगं, मी आई." म्हणाली, "बरं." आणि हसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बाई.

मंगळवारी उकळता चहा तिच्या हातावर सांडला. मी भाकरी कापत होते, पाठ होती. ती ओरडली असती तर मी वळले असते. ती काहीच बोलली नाही. वळले तेव्हा हातावर फोड आलेले, आणि ती त्यांच्याकडे बघून हसत होती. फोड मनगटापासून कोपरापर्यंत होते.

तुम्ही मला शिव्या द्या. काहीही लिहा, पण लिहा.

रिम्मा


वेर्खनी बोर, २ ऑगस्ट

रिम्मा,

शिव्या देत नाही. शिवी माणसाला द्यावी.

ग्लेबला मी पुरला. शवपेटी लागली नाही, राखेला पिठाचा डबा पुरला. खोपीच्या फटीतून मी सगळं पाहिलं, पण ऐकू काही आलं नाही. तू काय ओरडलीस ते तुलाच माहीत. वाट मीच दाखवली होती, माझं बळ कधी नसतं तेही मीच लिहिलं होतं. त्याचा हिशेब मी माझ्याशी करीन.

आता पोरीचं. ती परत येऊ शकते.

तुझ्या भूमितीवाल्याला हे ठाऊक आहे, तो सांगणार नाही. धुतलेलं वाहून जात नाही, तळाशी जाऊन बसतं. ते वर आणायला दुसऱ्या कुणाचं तरी आत ओतावं लागतं. रक्ताच्या माणसाचं, जिवंत, आणि अख्खं. थोडं ठेवून थोडं देता येत नाही. जो देतो तो रिकामा होतो. मग तो झोयासारखा कोपऱ्यात बसतो आणि हसतो, मरेपर्यंत.

त्यासाठी आईचं सगळ्यात चांगलं. आईचं ओतलं तर पोर होती तशी होईल, तुझी उस्त्या, कोंबड्यांना नावं ठेवणारी. तिची लहान सावलीही परत येईल, पण ती आवरायची कशी ते मी तिला शिकवलंय.

ऑक्टोबरात रात्री मोठ्या झाल्या की तिला घेऊन ये. तुला कोपऱ्यात बसवीन, दोन वेळा भरवीन, केस विंचरीन. वचन देते. माझं वचन तुझ्यासारखं नाही.

येतेस का?

पेलागेया


क्रुताया, २५ सप्टेंबर

आई,

उत्तर द्यायला उशीर झाला. रोज लिहायला बसत होते.

मी खूप विचार केला. मी रिकामी झाले तर उस्त्याचं पुढे कोण करणार? तुमचं वय झालंय. दोन वर्षांत तुम्ही गेलात तर पोर एका हसणाऱ्या आईपाशी एकटी राहील. मुलाला पायावर उभी असलेली आई हवी. हे मी वेनियामिन अर्काद्येविचना विचारून लिहीत नाही, माझ्या मनानेच लिहिते आहे. ते मात्र म्हणाले की अशा गोष्टीत घाई करू नये.

तुम्हीच द्या. तुम्ही आजी आहात, रक्त तेच आहे. तुमचं आयुष्य झालं, राग मानू नका. आणि हे सगळं मुळात तुमच्याकडूनच आलंय ना तिच्यात? येफिम बाबांचं ओझंही उतरेल तुमच्यावरचं.

मी स्वतः यायला हवं होतं, पण त्या कुरणात माझा पाय टाकवणार नाही. उस्त्याला चार तारखेच्या गाडीत बसवते. डब्यातल्या बाईला सांगून ठेवलंय, शार्याला उतरवील. तिकीट तिच्या गळ्यातल्या पिशवीत आहे. ती कुणालाही त्रास देत नाही. कुणी हात धरला की त्याच्याबरोबर चालू लागते, तेवढंच बघा.

माझंही एक सांगायचं आहे. ग्लेब डोळ्यांपुढून जात नाही. वेनियामिन अर्काद्येविच म्हणाले, तुलाही धुऊन देऊ. जो स्वतःहून मागतो त्याला हिवाळ्यातला थोडा उजेडही पुरतो म्हणे. नोव्हेंबरची वीस तारीख ठरली आहे. सूर्य हिवाळ्यापुरता जायच्या आधी. मग मला काही आठवणार नाही. तुम्हीही मला माफ करून टाका, कारण त्यानंतर माफी मागायला मी उरणार नाही.

रिम्मा


वेर्खनी बोर, ११ ऑक्टोबर

रिम्मा,

पोर पोचली. फलाटावर एका दारुड्याचा हात धरून उभी होती, त्याने नुसता पुढे केला म्हणून. मी ओढून घेतली तर माझा हात धरून चालू लागली. तेवढंच बघा म्हणालीस. बघितलं.

मुलाला पायावर उभी असलेली आई हवी म्हणून लिहितेस, आणि पायच धुऊन घ्यायला निघालीस. असो.

मी देणार आहे. उद्याच. शेजारच्या मात्र्योनाला सांगून ठेवलंय, ती शेळीचं बघेल, पोरीला आणि मला जेवू घालेल.

माझं आयुष्य झालं हे तू बरोबर लिहिलंस. एक गोष्ट तेवढी विचारायची विसरलीस. आईचं ओतलं असतं तर पोरीला आई मिळाली असती. माझं ओतल्यावर तिला काय काय मिळेल?

पेलागेया


वेर्खनी बोर, ९ नोव्हेंबर

आई,

मी उस्त्या. अक्षर आजीचं आहे, कारण ते आता माझ्या हातात आलंय. शब्दही पुष्कळसे तिचेच येतात. मात्र्योनाकाकू म्हणते, आठ वर्षांची पोर म्हातारीसारखी बोलते. मी तिच्याकडे बघितलं की ती बोलायची थांबते.

आजी चुलीजवळ बसली आहे. हसते. मी तिला भरवते, केस विंचरते. ती मला "बाई" म्हणते.

मला सगळं आठवतं. माझं आठवतं आणि आजीचंही आठवतं. येफिम आजोबांचा हात कसा लागायचा तेही माझ्या गालाला माहीत आहे. आभाळ दीड दिवस कसं दिसत होतं ते आठवतं. आणि बाबा दारात होते तेव्हा मी त्यांच्या पायांच्या मागे, चौकटीला धरून उभी होते. आजी खोपीत होती, तिला ऐकू आलं नाही. मला आलं.

तू "नको, त्याला सोडा" असं नव्हतीस ओरडली. ओरडलीच नव्हतीस. हळू आवाजात म्हणालीस, "आधी त्याला. तो गेला की ती निमूट येईल." मग बाबा तुझ्याकडे बघायला लागले.

आजीला हे मी सांगितलं नाही. तोपर्यंत ती रिकामी झाली होती.

वीस तारखेला तू धुऊन घेणार आहेस, ते पत्र मी वाचलं. आता हे वाचता वाचता खाली जमिनीवर बघ. तुला दिसणार नाही, बाबांना दिसलं असतं. तुझ्या पायाशी दोन आहेत. दुसरी मी या पत्राबरोबर पाठवलेली आहे. माझी कोवळी होती, ती निघाली. ही आजीची, सत्तर वर्षं मुरलेली. कितीही आरसे लावले तरी ही निघत नाही, आणि ही जिथे बसते तिथलं काही पुसलं जात नाही. वेनियामिन आजोबा तुला आडवं करतील, पापण्या चिकटवतील, आणि तू उठशील तेव्हा सगळं जिथल्या तिथे असेल. दुसऱ्या वेळीही. दहाव्या वेळीही. त्यांना कारण कळणार नाही. बघणारा माणूस त्यांनी स्वतःच जाळला.

मी तुझ्या सावलीवर पाय ठेवणार नाही. तुला ताप येणार नाही, तुझा पाय जाणार नाही. तू चांगली जगशील, आजीएवढी म्हातारी होशील, आणि रोज सकाळी उठून बाबांसमोर तेच म्हणशील, हळू आवाजात.

राग आला की मी वीस मोजते. आज मोजून झाले, म्हणून लिहायला बसले.

आजीचं जेवण गार होतंय.

उस्त्या